प्रभारी वडील

साकोली तालुका वाजंत्री कामगार युनियनचे संस्थापक अध्यक्ष परसराम यांच्या मुलीचं लग्न ठरलं आणि युनियनपुढे घटनात्मक पेच उभा राहिला. शुभांगीला मांडवात सनई हवी होती, आणि तीही बापाचीच. "बाबा, डीजे नाई पायजे मले," तिनं ठणकावून सांगितलं होतं. परसरामलाही दुसरं काही नको होतं. पोरीच्या लग्नात वाजवायचं आणि पाठवणीला तिला पोटाशी धरून मनसोक्त रडायचं, एवढीच त्याची इच्छा होती.

पण युनियनला इतिहास होता. पूर्वी या भागात वाजंत्र्यांची पंगत सगळ्यात शेवटी बसायची. वऱ्हाडी जेवून, पान खाऊन, एक झोप काढून उठले की मग सनई-डफडंवाल्यांच्या पत्रावळीवर खरवडलेला भात पडायचा. ऐन उन्हाळ्यात दिघोरीच्या एका लग्नात परसरामनं सनई खाली ठेवली आणि म्हणाला, "आधी भात, मंग वाजा." युनियन त्या मांडवातच जन्मली. तेव्हापासून वाजंत्री पहिल्या पंगतीला बसतात आणि नवरदेव घोड्यावर त्यांची वाट पाहतो.

एवढ्यावर थांबली तर ती युनियन कसली! वाजवणाऱ्याला लोक मधेच पाण्याचे ड्रम उचलायला, खुर्च्या मांडायला लावायचे. म्हणून परसरामनंच कलम आणलं: कामावर असलेल्या वाजंत्र्यानं त्या मांडवात दुसरी कोणतीही जबाबदारी सांभाळू नये. टाळ्या कडाडल्या होत्या.

आता तेच कलम पुढे ठेवून सचिव इश्वर बसस्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर बसला होता. इश्वर डफडं वाजवायचा, पण सचिव झाल्यापासून फारसा वाजवत नसे.

"भाऊ, नवरीचा बाप असणं जबाबदारी हाये का नाई?"

"हाये ना."

"मंग तुमी वाजवू शकत नाई. वाजवाचं असन तर बाप होता येत नाई. कोणतं तरी एक सोडा."

"अबे, कलम माहंच हाये!"

"म्हणूनच तर मोडता येत नाई. अध्यक्षच मोडाले लागले तर मेंबर काय करतीन?"

कार्यकारिणीनं बराच चहा पिऊन तोडगा काढला. कचेरीत साहेब रजेवर गेले की चार्ज दुसऱ्याकडे देतात. त्याच धर्तीवर परसरामनं वडीलपणाचा चार्ज कार्य संपेपर्यंत द्यावा. प्रभारी वडील म्हणून इश्वरची एकमतानं निवड झाली. त्यानं फार आढेवेढे घेतले. फेटा मात्र आधीच आणून ठेवला होता.

"अन् माहा चार्ज कोणाजवळ?" परसरामच्या बायकोनं, रुखमिणीनं, कपाळावर हात मारून विचारलं.

"वैनी, तुमी कायम पदावर हा," इश्वर अदबीनं म्हणाला.

लग्नाच्या दिवशी इश्वरनं व्याह्यांची गळाभेट घेतली, हात जोडले, भाजीत मीठ कमी पडलं म्हणून माफीही मागितली. सोयरीक जुळवताना व्याही परसरामला भेटले होते. पण डोक्यावर फेटा नसलेल्या, गाल फुगवून सनई फुंकणाऱ्या माणसाकडे निरखून पाहण्याची सवय कोणाला असते? कन्यादानाच्या वेळी शुभांगीचा हात इश्वरच्या हातात पाहून परसरामचा सूर कापला. व्याह्यांना ती कलाकारी वाटली. ते "वाह!" म्हणाले.

पाठवणीची वेळ आली. परसरामनं सनई खाली ठेवली आणि पोरीकडे निघाला. इश्वर आडवा आला.

"भाऊ, नवरीची गाडी गावाच्या बाहेर जाईपर्यंत तुमी ड्युटीवर हा."

"चार्ज वापस दे मले! पोरगी जाऊन राहिली माही!"

"देतो ना. पण कार्यकारिणीसमोर द्या लागते. अन् कार्यकारिणी जेवून राहिली."

पहिल्या पंगतीला बसलेली कार्यकारिणी खरंच अजून उठली नव्हती. शुभांगीला मात्र कलमं ठाऊक नव्हती. ती "बाबा!" म्हणत धावत आली आणि परसरामच्या गळ्यात पडली. परसरामचे हात वर आले न आले, तोच नवरदेवाच्या आईनं तिला दंडाला धरून मागे ओढलं.

"काहून वं, वाजंत्र्याच्या गयात पडून रडते? लोक पाहून राहिले. बाप तिकडे उभा हाये तुहा."

शुभांगी काही सांगू लागली, पण हुंदक्यांत ते कोणाला कळेना. तिला गाडीत बसवलं. गाडी सुरू झाली आणि परसरामनं सनई तोंडाला लावली, कारण तो ड्युटीवर होता. तो वाजवत होता आणि ढसाढसा रडत होता. पाहुण्यांनी इश्वरचा हात हातात घेऊन "छान झालं लगन, भाऊ" म्हटलं आणि सनईवाल्याला वळसा घालून आपापल्या गाड्या काढल्या.

तुम्ही हसताय, पण गेल्या हंगामात ज्याच्या वाजवण्यावर तुम्ही घामाघूम होईस्तोवर नाचलात, त्याचा चेहरा जरा आठवून बघा. नवरीचा बाप तोच नव्हता, हे तुम्ही छातीठोकपणे सांगू शकाल?