'येते' आणि 'जाते'

हेडक्लार्क व्हायचं तर खात्याची परीक्षा पास व्हावी लागते, आणि आमचे हे कारकून त्यात दोनदा आपटले होते. तिसरी संधी उद्या, आणि तीच शेवटची. गाडं अडायचं ते उताऱ्यावरच्या प्रश्नांपाशी. 'यावरून काय अनुमान निघते?' असं विचारलं की यांचा सवाल ठरलेला: लिहिलंच नाही, तर निघेल कुठून? ऑफिसात त्यांना उगाच 'शब्दकोश' म्हणत नव्हते.

"बाबा, लिहिलेलं नसतं तेच तर ओळखायचं!" कॉलेजला निघालेल्या लेकीने कपाळावर हात मारला. "बारीकसारीक खुणा बघा, एकीला दुसरी जोडा."

शब्दकोश टेबलाशी सराव करत बसले. तेवढ्यात बायको दारातून म्हणाली, "जाते मी," आणि दार लागलं.

जाते? शब्दकोशांची पेन्सिल थांबली. इतकी वर्षं ही बाई 'येते' म्हणून बाहेर पडते! वर बघतात तो भिंतीवर लग्नाचा फोटो नाही, नुसता खिळा. कपाटावरची सूटकेसही गायब. फोन लावला, तर तो स्वयंपाकघरातच वाजला. खुणेला खूण जुळली आणि त्यांना दरदरून घाम फुटला. आयुष्यात पहिल्यांदा अनुमान निघालं, आणि तेही असलं!

त्यांनी सासूबाईंना फोन लावला. "ती तिकडे आलीय का? म्हणजे... गेलीय ती. फोटोसकट."

तासाभरात सासूबाई बॅग घेऊन दारात हजर. "काय केलंत माझ्या पोरीला?"

"काही नाही हो!"

"काही नाही म्हणणारेच सगळं करून बसलेले असतात!"

एवढ्यात बायको आली. काखेत फोटो. "काच तडकली होती, बदलून आणली. अगं आई, तू इकडे कशी?"

"आणि सूटकेस?" शब्दकोशांनी विचारलं.

"शेजारच्या वहिनींनी नेलीय, प्रवासाला."

"मग 'जाते' का म्हणालीस?"

बायकोने कमरेवर हात ठेवले. "काल कोण म्हणालं, 'बाहेर जाताना येते काय म्हणतेस, शब्द नेमका वापर'? वापरला!"

शब्दकोशांनी कानाला खडा लावला. यापुढे अनुमान बंद, जे कानावर पडेल तेवढंच खरं. चहा पिऊन सासूबाई उठल्या, बॅग उचलली. "बरं, येते हं जावईबापू."

"कधी?" शब्दकोशांनी विचारलं.

सासूबाईंचे डोळे भरून आले. "बघ गं, मी जाऊ नये असं वाटतंय त्यांना! बोलत नाहीत, पण कळतं मला." बॅग परत खाली टेकली. पुढे मायलेकींच्या गप्पांत अभ्यासाचे पार बारा वाजले.

दुसऱ्या दिवशी परीक्षेत शब्दकोशांनी एकच केलं. प्रत्येक प्रश्नाला आपल्या सासूबाईंनी कोणता पर्याय निवडला असता ते मनात आणलं आणि तेवढा सोडून बाकीच्यांत शोधलं. पास झाले, चांगल्या मार्कांनी!

"मी राहिले म्हणून जावईबापू पास झाले हो," सासूबाई अजून सगळ्यांना सांगतात. शब्दकोश मान डोलावतात. सासूबाईंचं हे एकच अनुमान अगदी बरोबर आहे.