सातव्या ओळीतला ठिपका

मालिनीबाईंचा, म्हणजे सगळ्यांच्या माईंचा, ठिपका चुकत नाही, हे मिरजेत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. एकवीस ठिपके, नऊ ओळी, ना दोरी ना पट्टी. शाळा दुसरीपर्यंत, पण चिमूट सुटली की ठिपका मुकाट आपल्या जागी जाऊन बसायचा.

एकच माणूस हे मानत नसे, आणि तो घरातलाच होता. त्यांचे यजमान आत्मारामपंत तीस वर्षं नगरपालिकेच्या रस्त्यांवर ओव्हरसियर. दर दिवाळीला ते धोतर सावरून रांगोळीपुढे उकिडवे बसत, फूटपट्टी लावत आणि म्हणत, "सातवी ओळ. चौथा ठिपका. अंगठाभर सरकलाय."

"तुमची नजर सरकलीय," असं माई म्हणत, आणि मग त्या घरात दिवाळी सुरू होई.

एकसष्ट साली सुनेच्या बाळंतपणासाठी माई बोटीनं जर्मनीला निघाल्या. ट्रंकेत रांगोळीचा डबा ठेवताना पंत म्हणाले, "तिथं कोण बघणार आहे तुझी रांगोळी?"

"अख्खं गाव बघेल."

एवढ्यावरून अबोला. चार महिने झाले, पंतांचं पत्र नाही. माईंनी तरी का लिहावं? रोज पोस्टमन यायच्या वेळेला मात्र त्यांना खिडकीपाशीच काहीतरी काम निघायचं.

मुलगा श्रीरंग कार्ल्सरूहेच्या विद्यापीठात डॉक्टरेट करत होता. जवळच्याच एका गावात फ्राउ हेकर नावाच्या बाईंच्या घरात वरच्या मजल्यावर तो, त्याची बायको शुभा आणि तीन महिन्यांचं बाळ राहत होते. घरासमोर नुकताच डांबरी रस्ता झाला होता. काळाभोर, गुळगुळीत, नुकत्याच सारवलेल्या अंगणासारखा. माईंचे हात आठवडाभर शिवशिवत होते.

नरकचतुर्दशीच्या पहाटे त्यांनी नऊवारीवर मुलाचा ओव्हरकोट चढवला आणि खाली उतरल्या. रस्ता मोठा, म्हणून ठिपकेही हात-हातभर अंतरावर टाकले. हेकरबाईंचं अंगण संपलं तरी ओळ संपेना, तेव्हा ती शेजारच्या हेर फोग्टच्या फाटकापुढे गेली. नऊ ओळी झाल्या आणि वर बाळ रडलं. रेषा नंतर जोडू म्हणून माई त्याला उटणं लावायला वर गेल्या.

आता माईंना काय ठाऊक, की त्याच संध्याकाळी गावसभा गावाची झात्सुंग, म्हणजे गावाची मूळ नियमावली, बदलणार होती? यापुढे रस्त्याच्या डागडुजीची फी घरमालकांनी भरायची. ज्याचं घर रस्त्याला जेवढं लांब, तेवढी त्याची फी. महिनाभर गावात दुसरा विषय नव्हता.

सातला फ्राउ हेकरांनी दार उघडलं आणि पांढऱ्या खुणा पाहिल्या.

"मतदान संध्याकाळी, आणि मोजणी पहाटेच उरकली?" त्या कडाडल्या. "माझ्यासमोर ओळीला पंधरा, आणि तुमच्यासमोर सहा?"

"सरकारी माणूस उगाच मोजत नाही," हेर फोग्ट समाधानानं म्हणाले.

"तुमचं फाटक माझ्या घरापेक्षा रुंद आहे! त्यातून तुमचा ट्रॅक्टर जातो!"

फेरमोजणीच नको, म्हणून फोग्ट बादली घेऊन आपल्या बाजूचे ठिपके पुसायला निघाले. पुरावा नष्ट होतोय म्हणून हेकरबाई झाडू घेऊन आडव्या उभ्या राहिल्या. आठपर्यंत अर्धं गाव जमलं. वर खिडकीत माई शुभाला म्हणाल्या, "बघ. रेषा जोडल्या नाहीत तरी एवढी गर्दी."

महापौरांनी मोजणीदार हेर लुट्झला पाठवलं. त्यानं तासभर टेप लावली, वहीत लिहिलं आणि सांगितलं की या खुणा त्याच्या नाहीत. सगळ्यांच्या नजरा वर माईंच्या खिडकीकडे गेल्या. श्रीरंगचा चेहरा पांढरा पडला.

संध्याकाळी सभागृहात तो माईंच्या कानाशी पुटपुटला, "माई, तुम्ही काही बोलू नका. मी माफी मागतो."

"कशाची?" माई उठल्याच. "सांग त्यांना. दारापुढचा रस्ता ही बाई दर शनिवारी झाडते, मी खिडकीतून बघते. झाडायचा हिनं, आणि त्यावर ठिपका काढायला परवानगी यांची?"

श्रीरंगनं घाम पुसत भाषांतर केलं. हेकरबाई ताडकन उठल्या. "गेनाऊ! अगदी बरोबर! झाडायचं आम्ही, आणि वर फीही आम्हीच भरायची?"

मग जो गदारोळ झाला, त्यात महापौरांची घंटा कुणाला ऐकू आली नाही. शेवटी फीचा नियम मंजूर झाला, पण शेपटीला एक कलम जोडून: घरासमोर कुठलीही पांढरी खूण करण्याआधी घरमालकाला लेखी कळवावं.

सगळं शांत झाल्यावर हेर लुट्झनं नोंदीसाठी आपला अहवाल वाचला. "नऊ ओळी, प्रत्येकी एकवीस खुणा. अंतर त्रेचाळीस सेंटिमीटर, सर्वत्र अचूक. अपवाद: सातवी ओळ, चौथी खूण. दोन सेंटिमीटर डावीकडे."

श्रीरंगनं ते मराठीत सांगितलं, आणि माईंनी पदर डोळ्यांना लावला.

"माई, दंड नाही झालाय," तो घाबरून म्हणाला.

"दंडाला कोण रडतंय?"

त्याच रात्री त्यांनी चार महिन्यांत पहिल्यांदा कार्ड लिहिलं. अक्षरं मुंग्यांच्या रांगेसारखी चढत गेली. 'अख्ख्या गावाने पाहिली. कायद्यात कलम घातले. एकाने पट्टी लावली. सातवी ओळ म्हणाला.'

विमानाच्या टपालानं अकराव्या दिवशी उत्तर आलं. शुभानं वाचून दाखवलं: 'तुझी सातवी ओळ जन्मात सरळ आली नाही. त्या गृहस्थाला म्हणावं, पट्टी बाजूला ठेव. पुढच्या दिवाळीला मोजायला मी आहे. लवकर ये.'

माईंनी ते तीनदा वाचून घेतलं. मग कार्ड कमरेला खोचून भाजी निवडायला बसल्या.

"पण माई," शुभानं विचारलं, "तुमचा ठिपका तर चुकत नाही ना?"

"चुकेल कसा? दरवर्षी मुद्दाम सरकवते. इथं सवयीनं सरकवला गेला," माई मान वर न करता म्हणाल्या. "यांना कळवू नकोस हं. मग मोजायला काय उरेल त्यांना?"