थंडी खालून येते

हिमालयात जायचं ठरलं की लोक आधी रेल्वेचं रिझर्व्हेशन करतात. आमच्या कॉलनीतली माणसं आधी पिंपळगावच्या रस्त्याला द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये जाऊन झोपायची. तिथले मॅनेजर म्हणजे आमच्या शेजारचे बागूलकाका. त्यांनी पास केल्याशिवाय जॅकेट आणि स्लीपिंग बॅग घेऊन नाशिकबाहेर पाऊल टाकायची कुणाची टाप नव्हती.

आता गंमत ऐका. हा माणूस स्वतः डोंगर कधी चढलेला नव्हता. पांडवलेण्यांच्या पायऱ्यासुद्धा "इथूनच दिसलं की सगळं" म्हणून अर्ध्यावरून उतरलेला. थंडीचं तर इतकं वावडं, की दिवाळीला डोक्यावर चढलेली माकडटोपी थेट होळीला उतरायची. आणि हे आम्हाला थंडी शिकवणार! पण शिकवायचे, आणि आम्ही मुकाट्यानं ऐकायचो. कारण त्यांचं ऐकून गेलेलं कुणी कुडकुडत परत आलेलं नव्हतं.

त्यांचं एक पालुपद होतं, "थंडी खालून येते." अंगावर कितीही घाला, खाली चटई नसेल तर सगळं फुकट. हे ते कुणालाही, कुठेही सांगायचे. एका लग्नात पाटावर बसलेल्या नवरदेवाला सांगताना मी स्वतः ऐकलंय. पोरगं बिचारं आधीच घाबरलेलं!

नव्वद सालानंतरची गोष्ट. मी नुकतीच नोकरीला लागले होते आणि मे महिन्यात मैत्रिणींबरोबर हिमाचलला जायचं ठरवलं होतं. हिवाळ्यात गावात येणाऱ्या स्वेटरवाल्यांकडून मी एक लालभडक फुगीर जॅकेट घेऊन ठेवलं होतं. आरशात मी त्यात अगदी एव्हरेस्टवरून आल्यासारखी दिसायचे. ते घालून काकांकडे गेले. काकांनी बाहीचं कापड मुठीत दाबलं आणि सोडलं.

"उठलं का?"

"काय उठलं?"

"दाबलेलं परत फुगलं का? नाही ना? नुसता कापूस कोंबलाय बाई आत. भिजला की गोधडी होईल, आणि ती तूच पाठीवर वाहशील."

झालं! माझं एव्हरेस्ट तिथंच कोसळलं. मग स्लीपिंग बॅगांची पाळी. मैत्रिणीच्या भावाची लांबलचक बॅग उसनी आणली होती, ती बघून म्हणाले, "एवढ्या रिकाम्या जागेला ऊब द्यायला तू काय बंब आहेस?" दुसरी पिसांची होती, हलकी आणि महागडी. "उबदार आहे, मान्य. पण भिजली की ओली कोंबडी. तू पडलीस धांदरट. तुला सिंथेटिकच बरी."

शेवटी त्यांच्या पसंतीची बॅग मिळाली आणि परीक्षेचा दिवस उजाडला. बाहेर एप्रिलचं ऊन, रस्त्याचं डांबर पातळ झालेलं, आणि मी द्राक्षांच्या पेट्यांच्या मध्ये चटईवर बॅगेत आडवी. हमाल येता-जाता हसत होते. काका दाराशी स्टुलावर, भर उन्हाळ्यात माकडटोपी घालून.

"पाय?" त्यांनी विचारलं.

"गार!"

"असणारच. मोजे घट्ट घातलेस. एक जोड काढ. रक्ताला चालायला जागा नको? कंबर?"

"ठीक!"

"नाक?"

"नाकाचं काय करू काका?"

"ते गारच राहू दे. तोंड आत घालून झोपलीस तर श्वासानं बॅग ओली करशील."

बऱ्याच वेळानं त्यांनी मला बाहेर काढलं. काका मूळचे सटाण्याकडचे. खूश झाले की अहिराणीवर यायचे. "झकास शे! पास!" आणि मग नेहमीची अट घातली, "फी एकच. परत आलीस की घरी यायचं आणि सगळं सांगायचं."

मला वाटलं, पठ्ठ्या आपण पास केलेल्या मालाचा हिशोब घेणार.

परत आल्यावर फोटो धुऊन आणले आणि गेले. काकांनी मला आतल्या खोलीच्या अर्धवट उघड्या दाराशी बसवलं. आत काकू असायच्या. स्कूटरच्या अपघातापासून त्या वॉकर घेऊन चालत आणि कुणासमोर फारशा येत नसत.

"बॅग एकदम मस्त, काका. पाय एकदाही..."

"ते राहू दे गं. सकाळी तंबूची चेन उघडलीस, तेव्हा समोर काय होतं? जरा मोठ्यानं सांग."

मी आवाज चढवला. दोन वाक्यांनंतर पुन्हा तेच, "मोठ्यानं."

"काका, कान दाखवा बरं एकदा कुणाला तरी!"

त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि अगदी हळू बोलले. "माझे कान ठणठणीत आहेत. आत ऐकू जायला पाहिजे. चढायची ती. मी खाली डबा राखत बसायचो. हिमालयाचं ठरलं होतं आमचं. तिची बॅग मी स्वतः कोल्ड स्टोरेजमध्ये झोपून तपासली होती. मग स्कूटर घसरली. मी चालवत होतो."

"तेव्हापासून माझ्या तोंडून डोंगराचं नाव तिला चालत नाही. म्हणून तुम्हाला पाठवतो. कुडकुडलेलं माणूस नुसती थंडी घेऊन येतं. ती काय ऐकवू तिला? उबेत झोपलेलं माणूस डोंगर बघून येतं. इतकी वर्षं पोरं येऊन सांगून जातात. ती एक शब्द बोलत नाही. पण दारही लावून घेत नाही. तेवढ्यावर चाललंय माझं."

मी खणखणीत आवाजात सांगायला लागले. तंबूवर साचलेलं हिम, पातेल्यात गोठलेलं पाणी, पलीकडचा बर्फाचा डोंगर. सांगता सांगता उजाडेपर्यंत आले, तेवढ्यात आतून आवाज आला.

"टोक आधी उजळतं ना गं? खाली अंधार असतानाच?"

काका जागच्या जागी थिजले.

"हो काकू!" मी ओरडलेच. "बाहेर या ना, फोटो आणलेत."

मग वॉकरची टकटक ऐकू आली. मला वाटलं काका हात द्यायला धावतील. ते धावले कपाटाकडे. परीक्षेला न्यायची ती चटई काढली आणि काकूंच्या खुर्चीपुढे पसरली.

"थांब, थांब. फरशी गार आहे. थंडी खालून येते."

जूनचा उकाडा होता. आम्हा तिघांनाही घाम फुटलेला.

काकू बसल्या. पाय चटईवर ठेवले आणि नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "चढलेली मी, आणि थंडी मला शिकवताय होय?"

बागूलकाका हसले. मग चटईची कड नीट करायला म्हणून खाली वाकले, ते काकूंनी त्यांच्या केसांवर हात ठेवला तरी वर आले नाहीत.