सासरेबुवांचं शेवाळ आणि जावयाचा व्हिनेगर

काहीही करायचं नाही, एवढं एकच काम तेत्सुहारुला सांगितलं होतं. तेही त्याला धड जमलं नाही.

सासरे कुराहाशीबुवा गुडघे शेकायला गरम पाण्याच्या झऱ्यांवर निघाले होते. ओहारा गावातल्या त्यांच्या घरामागे शेवाळाची बाग होती. फूल नाही, फळ नाही, नुसतं शेवाळ. दगडांवर, मुळांवर, फुटक्या कौलांवर. कुठे मखमलीसारखं, कुठे लोकरीसारखं, आणि तेत्सुहारुच्या मते सगळं एकाच माळेचे मणी. (हे मत त्याने लग्नानंतर एकदाच बोलून दाखवलं. सासऱ्यांनी त्याच्या हातात भिंग देऊन त्याला अख्खी दुपार उकिडवं बसवलं.)

"जावईबापू," टॅक्सीत बसता बसता सासरे म्हणाले, "रविवारी आमचं शेवाळ मंडळ बाग बघायला येतंय. तोवर पाणी घालू नका, केर काढू नका, मायाही करू नका. नुसतं लक्ष ठेवा."

लक्ष ठेवलं तिथेच घोटाळा झाला. दगडी दिव्यामागे त्याला एक चपटं, चामड्यासारखं, ओलसर हिरवं प्रकरण दिसलं. त्यातून टाचणीएवढी ताडाची झाडं उगवल्यासारखी वाटत होती. इतक्या सुंदर मखमलीवर कुणी सरड्याचं कातडं वाळत घातलंय की काय, असं त्याला झालं.

शेजारच्या नोनोमुराबाई कुंपणावरून डोकावल्या. (त्या डोकावत नसतील तर आजारी आहेत असं समजायचं.)

"अगबाई, चपटं शेवाळ! बागेचा काळ आहे तो! आमच्याकडे आलं होतं. व्हिनेगर ओतला. दुसऱ्या दिवशी ठार!"

"पण बाबा म्हणालेत काही करू नका."

"नका करू. रविवारी मंडळासमोर त्यांचं नाक कापलं जाईल, तेव्हा मात्र लक्ष ठेवा हं!"

सासऱ्यांचं नाक वाचवायची संधी जावयाला रोज मिळत नाही. तेत्सुहारुने ते प्रकरण नीट पाहिलं, जरा पायाने दाबून पाहिलं, मग स्वयंपाकघरातली भातात घालायच्या व्हिनेगरची बाटली झारीत रिकामी केली. पुरला नाही, म्हणून दुकानातून आणखी आणला. आता झारीला भोकं असतात, आणि भोकांना शत्रू-मित्र कळत नाही.

सकाळी त्याची बायको मिसाओ चहा घेऊन मागच्या ओट्यावर गेली आणि कप फुटल्याचा आवाज आला. तेत्सुहारु धावला. दगडी दिव्याच्या आजूबाजूची सगळी जमीन जुन्या पायपुसण्यासारखी तपकिरी झाली होती. वर लोणच्याच्या बरणीचा वास.

"अहो, हे काय झालं?"

तेत्सुहारुची बोबडी वळली. "चपटं... शेवाळ... मेलं."

"आणि बाकीचं?"

"तेही... त्याच्याबरोबर गेलं."

मिसाओ कपाचे तुकडे वेचायला लागली. वडील रागावले तर आरडाओरडा करत नाहीत, गप्प होतात, हे तिला माहीत होतं. आई गेल्यावर ते वर्षभर गप्प होते. आणि रविवार उद्यावर आला होता.

अशा वेळी शहाणा माणूस फोन करून कबूल करतो. तेत्सुहारु सायकल काढून बाहेर पडला. गावाबाहेरच्या ओढ्यात त्याला गोल गोल पानांचा एक घट्ट हिरवा गालिचा दिसला. फुकटचा, ताजा, ओढला की सतरंजीसारखा निघत होता! दोन पोती भरून त्याने तो आणला, तपकिरी जागेवर अंथरला, हाताने थोपटला. लांबून, डोळे बारीक करून पाहिलं तर बाग पहिल्यापेक्षा बरी दिसत होती. (डोळे बारीक करायचं त्याने रविवारपर्यंत सोडलं नाही.)

रविवारी सासरे आले आणि पाठोपाठ शेवाळ मंडळही. सगळी साठीच्या पुढची माणसं, गळ्यात भिंगं. पुढे अध्यक्षा सेगावाबाई, पाठीतून वाकलेल्या, त्यामुळे त्यांचं नाक आधीच जमिनीजवळ. त्या दिव्यापाशी पोचल्या आणि किंचाळल्या.

"हे इथे कुणी आणलं?"

सासऱ्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"परदेशी राक्षस आहे हा!" सेगावाबाई थरथरत म्हणाल्या. "तळी गिळतो, भातशेती गिळतो. हा जिवंत घरी आणायला कायद्यानं बंदी आहे! नगरपालिकेनं भिंतीभिंतीवर याचा फोटो लावलाय!"

तेत्सुहारु नगरपालिकेतच कारकून होता. तो फोटो त्याच्या टेबलामागेच होता. त्याच्याखाली बसून तो रोज डबा खायचा. पण डबा खाताना मान वर कोण करतं?

मग सगळं बाहेर आलं: व्हिनेगर, झारी, पोती. सासऱ्यांनी गोल पानं बाजूला सारली आणि खालची तपकिरी जमीन पाहिली. बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

"ते बागेचा काळ नव्हतं," अखेर ते म्हणाले. "त्याच्यासारखं दिसणारं दुसरं होतं. ते ज्या घळीत उगवायचं, ती धरणात बुडाली. पाणी चढायच्या आधी मिसाओच्या आईनं रुमालात बांधून आणलं होतं. मंडळ बाग बघायला नव्हतं आलं. तेच बघायला आलं होतं."

"आईनं?" मिसाओ म्हणाली. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तिने शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

"बाबा, मी..." म्हणत त्याने जमिनीला कपाळ टेकलं. धरणी दुभंगावी असं मनापासून वाटत होतं, पण तिलाही व्हिनेगरचा वास सहन होत नसावा. ती गप्प राहिली. मंडळातली माणसं जड पावलांनी परत वळली.

तेवढ्यात ओट्यापाशी सेगावाबाई थबकल्या. तिथे तेत्सुहारुचे रबरी बूट आडवे पडले होते. बाई गुडघ्यावर बसल्या, भिंग लावलं, आणि डाव्या बुटाच्या तळव्याला नाक लावलं. जमलेल्यांना वाटलं, बाईंना धक्का सहन झाला नाही.

"कुराहाशीबुवा," त्या हळूच म्हणाल्या, "इकडे या. श्वास जपून घ्या."

तळव्याच्या खाचेत, चिखलात, नखाएवढा हिरवा तुकडा होता. झारी भरण्याआधी जावयाने पायाने दाबून पाहिलं, तेव्हा तो अडकून आला होता. तुकड्यावर इवलीशी वाटी होती आणि वाटीत हिरवे कण, म्हणजे उद्याची रोपं.

"जिवंत आहे!" सासऱ्यांचा आवाज फुटला. मिसाओ रडायला लागली. मंडळाने टाळ्या वाजवल्या. तेत्सुहारुनेही वाजवायला हात उचलले, पण सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं तेव्हा ते परत खाली ठेवले.

तुकडा खरवडून काढायची हिंमत कुणाला झाली नाही. बूटच उलटा करून बागेतल्या ओल्या सावलीत ठेवला. राक्षसाचं पान न् पान नगरपालिकेच्या माणसांसमोर तेत्सुहारुकडून वेचून घेतलं. पुढच्या महिन्यांत हिरवा तुकडा टाचेपर्यंत पसरला. आता लांबलांबून मंडळी येतात आणि बुटाला वाकून नमस्कार करतात. सासरे पुन्हा बोलायला लागलेत, बहुतेक वेळा बुटाशी.

तेत्सुहारु दर रविवारी ओढ्यात उतरून गोल पानं उपटतो. शिक्षा नाही, त्याने स्वतःच मागून घेतलंय. एकदा भर ऑगस्टात तो घामाने निथळत परत आला आणि बागेत उभा राहिला. घरातून मिसाओ छत्री घेऊन पळत आली. तेत्सुहारुला भरून आलं. त्याने मान पुढे केली.

मिसाओ त्याला वळसा घालून गेली आणि तिने छत्री बुटावर धरली.

"मिसाओ, मीसुद्धा उन्हात आहे गं!"

"असू दे हो," ती म्हणाली. "तुम्ही काही दुर्मिळ नाही."