दळवींचं ‘ओव्हर’

दळवी प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘ओव्हर’ म्हणतात. वॉकीटॉकीवर म्हणतात ते ठीक, तो त्यांच्या नोकरीचाच भाग. पण ते कँटीनमध्ये चहा मागतानाही म्हणतात. ‘भाई, एक कडक. चीनी कम. ओव्हर.’ एकदा आमच्या शारजाच्या घरी गणपतीला आले. आरती झाली, सगळ्यांनी मोरया म्हटलं, आणि मागून खर्जात आवाज आला, ‘ओव्हर.’ माझ्या नवऱ्याच्या हातातलं तबक हसता हसता कलंडलं.

आमच्या दुबईच्या युनिव्हर्सिटीत ते सिक्युरिटी सुपरवायझर आणि मी रजिस्ट्रार ऑफिसात. माणूस सावंतवाडीकडचा. अंगाने शिडशिडीत, मिशी मात्र दोघांना पुरेल एवढी. ‘रूल इज रूल’ हा त्यांचा गायत्रीमंत्र. डीनसाहेबांनी एकदा अँब्युलन्सच्या जागेत गाडी लावली आणि म्हणाले, ‘हबीबी दल्वी, टू मिनिट्स!’ दळवींनी शांतपणे काचेवर दंडाचं स्टिकर चिकटवलं आणि वर सॅल्यूट ठोकला. स्टिकर असं, की डीनसाहेबांच्या गाडीची काच महिनाभर अर्धीच पारदर्शक होती.

मुलांच्या मानसिक त्रासाबद्दल सिक्युरिटीवाल्यांना मागे एक ट्रेनिंग दिलं होतं. ट्रेनर रडणारा विद्यार्थी झाला आणि दळवींनी त्याची समजूत काढायची होती. दळवी पुढे गेले, खाकरले आणि म्हणाले, ‘आयडी कार्ड?’ ट्रेनर म्हणाला, नो नो, आधी धीर द्या. दळवींनी विचार केला आणि धीर दिला. ‘क्राय स्लोली. ओव्हर.’

सगळे हसले. दळवी हसले नाहीत. त्याआधीच्या वर्षी एक मुलगी वर्गात कोसळून रडायला लागली होती. तेव्हा हेच सगळे वॉकीटॉकी खडखडवत धावले, सायरन वाजवत अँब्युलन्स आली, दोन्ही बाजूंना मुलं मोबाईल काढून उभी राहिली. ती तोंडावर दप्तर धरून त्या गर्दीतून गेली. पुन्हा कॅम्पसवर आली नाही. तिला वाट करून देत पुढे चालणारे दळवीच होते. त्यांनी सगळं नियमाप्रमाणे केलं होतं. मला एकदाच म्हणाले, ‘पोर गेली ती गेलीच, वयनी.’ त्या वाक्याला ओव्हर नव्हतं.

मग परीक्षेच्या दिवसांत, भर दुपारी, एक मुलगी माझ्या काउंटरवर धापा टाकत आली आणि मोबाईल पुढे केला. तिच्या मैत्रिणीचा, ईराचा मेसेज होता. आपल्याला आता जगायचंच नाही, असं लिहिलं होतं. ईरा वरच्या मजल्यावरच्या रिकाम्या वर्गात आतून कडी लावून बसली होती.

मी दळवींना फोन केला. ते माझ्याआधी पोचले होते. दाराला हातभर लांबीची उभी काच होती. त्यातून ईरा दिसत होती. भिंतीला टेकून, गुडघ्यांत मान घालून बसलेली.

दळवींनी तीन-चार गार्ड आले होते त्यांना जिन्याकडे पाठवलं. ‘कोणी वर येता कामा नये. मोबाईल तर अजिबातच नाही. ओव्हर.’ अँब्युलन्स मागच्या गेटला, सायरन न वाजवता आणायला सांगितलं. मला म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही इथेच थांबा. लेडीज पाहिजे सोबत.’ काउन्सेलर बाई दुसऱ्या कॅम्पसवरून निघाली होती आणि शारजाच्या ट्रॅफिकमध्ये अडकली होती. वॉकीटॉकीवर दळवींचा मॅनेजर ओरडत होता, ‘यल्ला, दरवाजा तोडो!’

‘सर, ती मला दिसतेय. सेफ आहे. दाराला हात लावला तर घाबरेल. ओव्हर,’ दळवी म्हणाले, आणि त्यांनी वॉकीटॉकी बंद केला. मी आजवर तो बंद पाहिला नव्हता.

मग ते टोपी काढून दारापाशी जमिनीवर बसले.

‘बेटी, मी दळवी. सिक्युरिटी. ओव्हर.’

आतून आवाज आला, ‘प्लीज गो. पोलीस येतील. बाबांना कळेल. आमचा व्हिसा जाईल.’

‘पोलीस नाय बोलावले. अँब्युलन्स हाय, ती खाली थांबलीय. खोटं सांगणार नाय. ओव्हर.’

पुढे काय बोलावं हे दळवींना सुचेना, हे मला स्पष्ट दिसत होतं. ट्रेनिंगमध्ये ऐकायला शिकवलं होतं, पण ती तर बोलतच नव्हती. शेवटी त्यांना जे येत होतं ते ते बोलायला लागले. घरामागच्या काजूच्या झाडाबद्दल. त्यांच्या रूममधला एकजण झोपेत मल्याळममध्ये भांडतो त्याबद्दल. पार्किंगबद्दल तर फार. कोण गाडी वाकडी लावतं, कोण दोन जागा अडवतं. मी काचेतून बघत होते. ईराने मान वर केली.

‘अंकल, विल यू प्लीज स्टॉप?’

‘नाय थांबणार. ओव्हर.’

‘व्हाय डू यू कीप सेइंग ओव्हर?’ ती चिडून ओरडली.

‘ओव्हर म्हणजे माझं बोलून झालं, आता तू बोल. संपलं असं नाय. संपलं त्याला आउट म्हणतात. ते मी नाय म्हटलेलं.’

दळवींनी कान दाराला लावला. मग ती बोलायला लागली, इंग्रजीत, मधूनच मोडक्या मराठीत. पुन्हा नापास झाले. बाबा फुजैराच्या बंदरात काम करतात, सगळ्यांना सांगतात, मुलगी इंजिनिअर होतेय. झोप लागत नाही. रोज नॉर्मल दिसायचं, दमले मी. दळवींना त्यातलं निम्मं इंग्रजी कळलं नसावं. पण प्रत्येक वाक्याला ते ‘हां गो, बाय’ म्हणत राहिले.

ट्रॅफिकमधून सुटून काउन्सेलर धावत वर आली. दळवी म्हणाले, ‘डॉक्टरबाई आल्यात. मी बाजूला होतो. पण जाणार नाय.’

कडी निघाली.

वडील संध्याकाळी फुजैराहून आले. हॉस्पिटलात मुलीच्या पायाशी बसून राहिले. ईराने एक सेमिस्टर सुट्टी घेतली, औषधं घेतली आणि परत आली. वॉकीटॉकी बंद केल्याबद्दल दळवींना मेमो मिळाला. त्यांनी तो आनंदाने घेतला. ‘रूल इज रूल!’

त्यानंतर एकदा त्यांची कंपनीची बस चुकली, म्हणून मी त्यांना गाडीत घेतलं. औद्योगिक क्षेत्रातल्या त्यांच्या कॅम्पवर, म्हणजे कंपनीच्या कामगार-वसतीवर, सोडणार होते. शारजाच्या वाटेवर नेहमीप्रमाणे गाड्या तुंबल्या होत्या.

‘वयनी,’ ते एकदम म्हणाले, ‘तुमचा मुलगा तुमच्याशी काय बोलतो?’

‘वायफाय चालत नाही, एवढंच.’

ते हसले. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, ‘माझां चेडू तेवढांय बोलणां नाय.’ त्यांची मुलगी वैदेही कुडाळला नर्सिंगला आहे. ती रांगत होती तेव्हा ते इकडे आले. सुट्टीवर गेले की ती ‘बाबा, चहा’ म्हणून कप ठेवते आणि आत जाते. फोनवर ‘हं, बरी आहे’ म्हणते आणि आईकडे देते. ‘राग नाय तिला. माझी ओळखच नाय. त्या दिवशी त्या पोरीशी मी जेवढा बोललो ना, तेवढा माझ्या चेडवाशी जन्मात बोललो नाय.’

मी म्हटलं, ‘आत्ता लावा की फोन.’

त्यांनी लावला. पलीकडून बायकोचा आवाज आला. ‘ती वाचता हा. बोलवू?’

‘नको, नको. मधेच उठवू नको. फोन फक्त तिच्याजवळ ठेव. काय सांगू नको तिका.’

त्यांनी मला हाताने एसी कमी करायला सांगितलं. फोनमधून बारीक आवाज येत होता. मुलगी मोठ्याने पाठ करत होती. हृदयाचे कप्पे, झडपा, रक्त कुठून येतं, कुठे जातं. मध्येच अडखळायची, पुन्हा सुरुवातीपासून म्हणायची. दळवी मोबाईल कानाला घट्ट धरून मान हलवत होते. ती अडखळली की थांबायचे, पुढचं आठवलं की मान पुन्हा हलायची.

पुढच्या गाड्या सरकल्या. त्यांच्या कॅम्पचं वळण आलं. दळवींना दिसलं नाही. मी वळले नाही, पुढच्या चौकाला वळसा घालून त्याच रस्त्याने पुन्हा सावकाश निघाले.