नाना हुरड्याला निघाले

भजनी मंडळाच्या पेटीची झडती घेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. नाना जगदाळे. मंडळी चिंचवडहून मोठ्या हौसेनं आली होती आणि नानांनी त्यांना वृद्धाश्रमाच्या दारातच अडवलं. पेटी उघडायला लावली, भात्यात डोकावले, पखवाजाला कान लावून टिचकी मारली. "जाऊ द्या आत," शेवटी म्हणाले, "पन त्या बुक्क्याच्या डबीवर माझं ध्यान ऱ्हाईल."

मी तेव्हा पिंपरीच्या शाळेत शिकवत होते. कासारवाडीत नव्यानं निघालेल्या या वृद्धाश्रमात रविवारी म्हाताऱ्यांची करमणूक करायची, असं आमच्या महिला मंडळानं ठरवलं. नेहमीप्रमाणे ठरवणाऱ्या बाजूला झाल्या आणि करणारी मी उरले. भजन झालं, कॅरम झाला, गाण्याच्या भेंड्या झाल्या. बाकीचे आजी-आजोबा निदान टाळ्या तरी वाजवायचे. नाना भिंतीला पाठ लावून बसायचे आणि माझ्याकडे असे बघायचे, जणू मी पदराआड बेअरिंग लपवून नेतेय.

सवयच होती ती. सारी हयात त्यांनी एका कारखान्याच्या गेटवर जमादारकी केली होती. तिथून माल बाहेर काढायला पास लागायचा. दुरुस्तीला निघालेली मोटार परत येणाऱ्या मालाच्या पासावर, भंगार कायमच्या जाणाऱ्या मालाच्या पासावर. माल परत येणार का कायमचा, हा गेटवरचा प्रश्न नानांच्या जिभेला चिकटून बसला होता. धोब्यानं गाठोडं उचललं, की "परत येनार का कायमचं?" कुणाची सून भेटून निघाली, की तिलाही "परत येनार का कायमचं?" बिचारी मान खाली घालून फाटकाबाहेर पडायची.

एकदा मी सगळ्यांसाठी शिरा करून नेला. नानांनी बशी नाकाशी धरली. "आज शिरा? का? कोन गेलं?"

मला संताप यायचा. आपण घरची कामं टाकून जायचं आणि यांनी म्हणायचं, "बाई, फुकाट करताय म्हंजी ह्यात कायतरी डाव हाय."

त्या हिवाळ्यात मी हुरड्याचा बेत काढला. आमच्या शाळेच्या शिपायाच्या भावाचं चाकणच्या पुढं शेत होतं. एका कंपनीनं रविवारी दिवसा मोकळी असलेली बस दिली. आश्रमात दुसरा विषय उरला नाही. दात नसलेल्यांनीसुद्धा चटणी लसणाची की शेंगदाण्याची यावरून भांडणं केली. नानांनी मात्र हुरड्याचं नाव काढताच तोंड फिरवलं. "आपन न्हाई येनार. आपल्याला आवडत न्हाई."

देशावरच्या माणसाला हुरडा आवडत नाही! आता संशय घ्यायची पाळी माझी होती. सगळे बाहेर पडले की हा म्हातारा एकेकाची ट्रंक उघडून बघणार, अशी माझी खात्रीच झाली.

रविवारी सकाळी बस आली. नाना यायचेच नव्हते; बाकी सगळे चढले, एक सखुबाई सोडून. थेरगावच्या सखुबाई आश्रमात नुकत्याच आल्या होत्या. त्यांनी फाटकाचा गज दोन्ही हातांनी धरला.

"म्या न्हाई यायची! लेकानं देवाला जाऊ म्हून गाडीत बसवलं आन् हितं आनून सोडलं. आता हितनं कुठं सोडताय?"

"आजी, संध्याकाळी परत यायचंय आपल्याला," मी म्हटलं.

"त्यो बी असंच म्हनला व्हता."

नाना बसच्या टायरांवर संशय घेत जवळच उभे होते. ते पुढं आले. आता "मी म्हनत न्हवतो?" असं ऐकवणार, म्हणून मी ओठ आवळले. नाना सखुबाईंना हळूच म्हणाले, "आक्का, तुमाला देवाला म्हनून आनलं. मला हुरड्याला."

नानांच्या त्या कधी न पाहिलेल्या मुलाचा मला असा राग आला, की समोर असता तर वर्गातल्यासारखा कान पिळला असता.

नाना ड्रायव्हरकडे वळले. "गाडी परत येनार का कायमची?"

"परत येनार की! रातपाळीची मानसं उचलायचीत मला."

नानांचा चेहरा सैल झाला. "आक्का, मग चला. मानूस फशिवतो, पन शिफ्ट चुकत न्हाई. मी दाराशी बसतो. माझ्याबिगर गाडी हलनार न्हाई."

माझ्या गोड बोलण्यानं जे झालं नाही ते रातपाळीनं केलं. नानांनी आत जाऊन खाकी कोट चढवला, टोपी घातली, आणि सखुबाई त्यांच्या मागोमाग बसमध्ये चढल्या.

शेतावर सगळ्यांनी हुरड्यावर ताव मारला. नाना खाली उतरलेच नाहीत, बसच्या पायरीवर पहारा देत बसले. शेवटी सखुबाईच हुरडा आणि गूळ घेऊन गेल्या.

"कुनी भाजला?"

"म्या."

नानांनी एक घास खाल्ला आणि त्यांचे डोळे भरून आले. "लई तिखट हाय," म्हणाले. हुरड्यासोबत चटणी नव्हतीच, नुसता गूळ होता.

परतताना मी त्या दोघांच्या मागच्या बाकावर होते. मोशी मागं पडल्यावर सखुबाईंनी विचारलं, "दादा, तुमचा ल्योक येतो का वो भेटाया?"

नानांनी दाराची कडी हलवून बघितली. मग म्हणाले, "येईल की. वाट त्याला ठावं हाय. त्योच तर आला व्हता सोडाया."

सखुबाईंनी पदराची गाठ सोडली. लेक आला तर त्याला द्यायला म्हणून त्यांनी मूठभर हुरडा बांधून घेतला होता. त्यातला निम्मा त्यांनी नानांच्या कोटाच्या खिशात घातला. "ऱ्हाऊ द्या. तुमचा बी आला तर."

गार झालेला हुरडा कुणी खात नाही, हे त्या दोघांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. नानांनी खिशाचं बटण लावलं.