पुरे म्हन्ती

जेवताना मौन पाळावं तर मी. चातुर्मासात आमच्या संगमनेरच्या गल्लीत हा नेम धरणाऱ्या बायका पुष्कळ आहेत, पण कोणी "हूं हूं" करते, कोणी वाटी वाजवून मीठ मागते. माझ्या तोंडून पहिल्या घासापासून चूळ भरेपर्यंत हुंकारसुद्धा निघत नाही. शब्द निघाला तर ताटावरून उठायचं आणि त्या दिवशी पुन्हा जेवायचं नाही. शिवाय ताटात कण टाकायचा नाही, हा दुसरा नेम. असे दोन नेम एकाच ताटात कित्येक वर्षं सुखाने नांदले. यंदा एका फोनने त्यांच्यात भांडण लावलं.

मी विनोदी लिहिते. माझ्याकडे बघून हे कोणाला खरं वाटत नाही. माझ्या पहिल्या पुस्तकाच्या प्रकाशनाला पाहुण्यांनी मला भजनी मंडळातली समजून पेटीशेजारी बसवलं होतं. मीही बसले. नाही कसं म्हणायचं?

चार पुस्तकं झाली. नगरच्या एका प्रकाशकांनी छापली, आणि एक दिवस त्यांनी दुकानात मोबाईलची कव्हरं टांगली नि उरलेली पुस्तकं टेम्पोने माझ्या दारात उतरवली. जवळजवळ सगळीच उरली होती. गठ्ठे आत्यांच्या पलंगाखाली गेले.

आत्या म्हणजे गीताबाई, आमच्या ह्यांच्या सख्ख्या आत्या, मिरजगावच्या. मूलबाळ नाही. यजमान गेल्यावर आम्ही त्यांना इकडे आणलं. माझ्या चारही पुस्तकांतली बनूआत्या म्हणजे त्याच. बनूआत्या एक पाय एसटीत नि एक पाय फलाटावर ठेवून, शेजारीण घरून चष्मा आणेपर्यंत गाडी अडवते. अर्धं कलिंगड खाऊन "लाल हाय, पर गोड न्हाई" म्हणून परत करते. सगळं आत्यांनी केलेलं. मी निर्धास्त होते, कारण आत्यांना वाचता येत नाही. बिचाऱ्या रोज रात्री स्वतःच्याच चरित्रावर झोपायच्या.

मग टीव्हीवाल्यांनी पुस्तकं उचलली. रोज संध्याकाळी साडेसातला बनूआत्या! वाचता येत नसलं तरी माणसाला बघता येतं, हे पहिला भाग सुरू होईपर्यंत मला सुचलंच नव्हतं.

त्या भागात नेमकं कलिंगड परत गेलं. आत्या टक लावून बघत होत्या. मी मनात रामरक्षा सुरू केली.

"ही मीच हाय की," त्या म्हणाल्या.

"तसं नाही हो आत्या..."

"व्हय, मीच. पर ही बया लुगडं नीट न्हाई नेसत."

आणि हसल्या. इकडे आल्यापासून त्यांना असं पोट धरून हसताना मी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून दिवेलागणीला तोंड धुऊन, पदर सारखा करून त्या टीव्हीसमोर बसू लागल्या. "बघू, आज मी काय करती," म्हणायच्या. भाजीबाजारात लोक त्यांना बनूआत्या म्हणून हाक मारायचे. मेथीची जुडी निवडायला तासभर लागला तरी भाजीवाला कौतुकाने बघत राहायचा. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडणारं माणूस उठून बाजाराला जायला लागलं होतं. माझ्या लेखनाने जगात दुसरं काही चांगलं केल्याचं मला तरी माहीत नाही.

फोन आला तो श्रावणात, दुपारी. मी ताटावर होते. आत्या वाढत होत्या. माझं मौन असलं की मी हाताने बोलते आणि आत्या ते जगाला सांगतात. दूधवाला असो की गॅसवाला, त्या वेळेपुरतं माझं तोंड म्हणजे आत्या.

फोन वाहिनीच्या प्रवीणचा होता. आत्यांनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा करून माझ्यासमोर धरला.

"ताई, जरा अवघड झालंय," प्रवीण म्हणाला. "लोक हसतात, पण हसून दुसरीकडे जातात. वरच्यांचं म्हणणं, घरात एक मृत्यू झाला की माणसं टिकून बघतात. बनूआत्याला मारू या का? लेखिका तुम्ही. तुमचा शब्द शेवटचा."

माझा शब्द! आणि तोंडात भाकरी. मी उजवा हात आडवा धरून जोरात हलवला. नको, मारू नका.

आत्यांनी माझ्या हाताकडे बघितलं. इतकी वर्षं त्या मला वाढतायत. ताटावर हात आडवा झाला की त्यांच्या लेखी त्याचा अर्थ एकच.

त्या जरा थांबल्या. मग फोनला म्हणाल्या, "पुरे म्हन्ती."

मी डोळे मोठे केले. दुसराही हात हलवला.

"नक्की ना?" प्रवीण.

"लईच पुरे म्हन्ती. दोनी हात आडवं केल्यात."

बोलावं तर उठावं लागणार. उठावं तर ताटात दीड भाकरी, वर आमटी. राहिला मार्ग एकच, भराभर संपवून चूळ भरणं. चरकात उसाची कांडी घालावी तशी मी भाकरी आत सारू लागले. ठसका लागला. डोळ्यांतून पाणी आलं. आत्यांनी फोन खाली ठेवला आणि तांब्या पुढे केला.

"सावकाश खा गं. मी काय पळून चाललीय व्हय?"

चूळ भरून मी धावत फोन लावला.

"वर कळवलंसुद्धा, ताई," प्रवीण म्हणाला. "बनूआत्या करणाऱ्या बाईंना लगेच दुसरी मालिका मिळाली. त्यांनी इथे पेढे वाटले."

मी आत्यांपाशी जाऊन बसले. त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

"आत्या, मी नको म्हणत होते. मारू नका म्हणत होते."

"असू दे. कवातरी पुरे व्हतंच की."

"पण तुमच्याबद्दल चाललंय, हे कळत होतं ना तुम्हाला?"

"कळत हुतं."

"मग तसं कसं सांगितलंत?"

"बोल तुजा हुता. त्यात माज्या मनाचं कसं घालू?"

पुढच्याच आठवड्यात बनूआत्या गेली. एक पाय एसटीत, एक फलाटावर, आणि गाडी सुटली. आत्यांनी सगळं शांतपणे पाहिलं.

"तोंडात पानी न्हाई घातलं कुनी," एवढंच म्हणाल्या आणि उठून टीव्ही बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या साळूबाई आल्या. पदराखाली झाकलेली ताटली, तीत पिठलं-भाकरी. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजाऱ्यांनी न्यायची असते तशी. दार आत्यांनीच उघडलं. साळूबाई गडबडल्या.

"मला बाई रातभर झोप न्हाई," त्या पुटपुटल्या. "हातानं आपलं केलं गेलं. नेऊ का माघारी?"

"राहू दे. माज्या मागचं मला कुठं खायला मिळायचं?" आत्यांनी तिथेच दारात घास तोंडात घातला. "मीठ कमी हाय."

मला वाटलं, आता हसतील. नाही हसल्या.

मालिका जोरात चालू आहे. भिंतीवर बनूआत्याचा हार घातलेला फोटो असतो आणि सगळे त्याच्यापुढे रडतात. ते रडणं मीच लिहिते. प्रवीण म्हणतो, "ताई, तुम्ही रडवता फार छान. इतके दिवस कुठे होतात?" साडेसातला आमचा टीव्ही बंद असतो. बाजारातून मेथी मी आणते, न निवडता.

वाढायला मात्र आत्या येतात. भाकरी हातात घेऊन उभ्या राहतात आणि माझ्या हाताकडे बघतात. मी हात मांडीवर ठेवते, आडवा करत नाही. मग त्या वाढतात. मी खाते. त्या पुन्हा उभ्या राहतात. ताटात टाकता येत नाही आणि पुरे म्हणवत नाही.

कार्तिकी एकादशी अजून लांब आहे. सगळी पोलकी सैल करायला टाकली आहेत.